सगळे डोस झाले, तरी पोलिओच्या रविवारी थेंब का द्यायचे?

प्रश्न गुहागर तालुक्यातल्या एका आईचा आहे. मुलगा अडीच वर्षांचा, कार्डावरचे सगळे डोस वेळेवर झालेले. तरी पोलिओच्या रविवारी आशाताई बूथवर बोलावतात, आणि नाही गेलं तर दुसऱ्या दिवशी दारात येतात. मुंबईला नोकरी करणाऱ्या नवऱ्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर एक व्हिडिओ पाठवला, त्यात थेंबांमुळेच पोलिओ होतो असं सांगितलं आहे. भारत २०१४ मध्येच पोलिओमुक्त झाला, मग हे अजून किती वर्षं चालणार, आणि जगातून हा रोग जात का नाही, असं त्यांनी विचारलं आहे.

थेंब द्या. बारीक ताप असला, नाक वाहत असलं, गेल्याच महिन्यात नियमित डोस झालेला असला, तरी द्या. हे आधी सांगून ठेवतो, कारणं सावकाश वाचा.

मी बालरोगतज्ज्ञ आहे. नोकरी रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतल्या सरकारी रुग्णालयांत झाली, आणि अचानक लुळं पडलेल्या प्रत्येक मुलाचा तपास करणं हे त्यातलं कायमचं काम होतं. व्हिडिओ पाठवला म्हणून तुमच्या यजमानांवर रागावू नका. त्यात एक खरी गोष्ट अर्धी सांगितली आहे. ती पूर्ण सांगायची तर हा विषाणू वागतो कसा, तिथून सुरुवात करायला हवी.

पोलिओचा विषाणू तोंडावाटे पोटात जातो, आतड्यात वाढतो आणि विष्ठेवाटे बाहेर पडतो. लागण झालेल्या बहुतेकांना काहीच होत नाही. काहींना दोन दिवस ताप येतो, घसा दुखतो. साधारण दोनशे लागणींमागे एका मुलाचा पाय किंवा हात कायमचा लुळा पडतो, आणि अशा लुळ्या पडलेल्यांपैकी शंभरात पाच ते दहा दगावतात, कारण श्वास घेणारे स्नायूच थांबतात. खरी अडचण या दोनशेला एक या हिशेबात आहे. एक मूल लुळं पडल्याचं कळतं तेव्हा शेकडो मुलांमधून विषाणू निघून गेलेला असतो. त्यांतलं कुणी एसटीनं, कुणी कोकण रेल्वेनं दुसऱ्या जिल्ह्यात पोचलेलंही असतं. देवीचा रोगी अंगावरच्या फोडांवरून ओळखू यायचा, त्यामुळे रोगी शोधून त्याच्या आजूबाजूच्यांना टोचलं की साथ आटोक्यात यायची. पोलिओ पसरवणारं मूल मात्र अंगणात मजेत खेळत असतं.

म्हणूनच एका दिवशी, पाच वर्षांखालच्या सगळ्या मुलांना, असा मार्ग निघाला. थेंबांत जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो. तो आतड्यात काही दिवस राहतो आणि तिथली प्रतिकारशक्ती जागी करतो. तुमच्या मुलाचे डोस झालेत, त्यामुळे तो स्वतः लुळा पडण्याची भीती जवळजवळ नाही. पण आतड्यातली प्रतिकारशक्ती काळानुसार उतरते, आणि तेव्हा विषाणू त्याच्या पोटातून पुढच्या मुलाकडे जाऊ शकतो. त्या रविवारचे दोन थेंब त्याच्यासाठी असतातच, पण त्याहून जास्त शेजारच्या तान्ह्या बाळासाठी असतात.

आता देशाची गोष्ट. १९८८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेत पोलिओ जगातून घालवायचा ठराव झाला. तेव्हा सव्वाशेहून जास्त देशांत मिळून वर्षाला सुमारे साडेतीन लाख मुलं लुळी पडत होती. मुदत ठरली होती २०००. भारतात पल्स पोलिओ देशभर सुरू झाला तो डिसेंबर १९९५ मध्ये. केरळ, गोवा, आपलं कोकण, इथे रोग लवकर मागे हटला. उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये मात्र मुलांना दहा-दहा डोस होऊनही पोलिओ होत राहिला. लोक म्हणत होते, लसच खोटी. तपासात निघालं ते वेगळंच. दाट वस्ती, उघड्यावरचं शौच, सतत जुलाब आणि आतड्यात इतर विषाणूंची गर्दी, यामुळे तिथल्या मुलांमध्ये एकेक थेंब लागू पडण्याचं प्रमाण देशाच्या इतर भागांपेक्षा निम्म्याहूनही कमी होतं. लसीत खोट नव्हती, तिथलं पाणी आणि गटारं वाईट होती.

पोलिओच्या विषाणूचे तीन प्रकार असतात. मग तिन्ही प्रकारांच्या मिश्र लसीऐवजी आधी एका प्रकारची, आणि २०१० पासून दोन प्रकारांची लस आली, ती जास्त लागू पडू लागली. कोसी नदीच्या पुरात तुटणाऱ्या गावांत मुक्कामी पथकं गेली. वीटभट्ट्या, बांधकामं, भटक्या टोळ्या यांच्या वेगळ्या याद्या झाल्या. मशिदींतून इमामांनी आवाहनं केली. २००९ मध्ये भारतात ७४१ रुग्ण होते, २०१० मध्ये ४२, आणि २०११ मध्ये एकच: हावड्याची एक लहान मुलगी, १३ जानेवारी २०११. त्यानंतर नैसर्गिक, म्हणजे लसीतून न आलेल्या, विषाणूचा एकही रुग्ण देशात सापडलेला नाही. २७ मार्च २०१४ ला आपल्यासह सगळ्या दक्षिण-पूर्व आशिया विभागाला पोलिओमुक्तीचा दाखला मिळाला. माझ्या पिढीनं सार्वजनिक आरोग्यात पाहिलेलं सर्वांत मोठं काम हेच, आणि ते केलं बहुतेक करून आशा, अंगणवाडी सेविका आणि आरोग्यसेविका यांनी, पायी.

'आपल्याकडे नाही, मग काळजी कशाला' असं म्हणणाऱ्यांना मी ताजिकिस्तान सांगतो. तिथे कित्येक वर्षं पोलिओ नव्हता. २०१० मध्ये अचानक साडेचारशेहून जास्त जण लुळे पडले. विषाणूची जनुकं तपासली तर तो उत्तर भारतातून गेलेला निघाला. आपण निर्यात करत होतो. आज उलट बाजूनं तोच धोका आपल्याला आहे. २०२१ च्या अखेरीस आफ्रिकेत मलावीमध्ये एक मुलगी लुळी पडली, तिच्यातला विषाणू पाकिस्तानातून आलेल्या वाणाचा होता. आफ्रिका खंडाला पोलिओमुक्तीचा दाखला मिळून तेव्हा दीड वर्षही झालं नव्हतं.

विषाणू आलाय हे कळतं कसं, हा भाग कोकणाच्या दृष्टीनं सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. मुंबईत २००१ पासून सांडपाण्याचे नमुने तपासतात. शहरात एकही मूल लुळं पडलेलं नसताना गटाराच्या पाण्यात विषाणू सापडल्याचं तिथे अनेकदा झालं, कारण तो उत्तरेतून येणाऱ्या लोकांबरोबर येत होता. आपल्याकडे हे करता येत नाही. कोकणातल्या वाडीत गटारच नाही. घरटी शोषखड्डा, नाहीतर सेप्टिक टँक. दहा हजार घरांचं सांडपाणी एका जागी यावं, अशी जागाच सापडत नाही. मुंबई-कोकणचं येणं-जाणं तर असं की गणपतीला आणि शिमग्याला अर्धी मुंबई इथे. तेव्हा इथे विषाणू ओळखायचा एकच मार्ग उरतो, लुळ्या पडलेल्या मुलाचा शौचाचा नमुना.

ते काम कसं चालतं, सांगतो. मूल सकाळी उठतं आणि पाय टाकत नाही. उचललं तर पाय सैल लोंबतो. पंधरा वर्षांखालच्या कुठल्याही मुलाला असा अचानक सैल लुळेपणा आला, की डॉक्टरला कारण काहीही वाटो, नसांचा आजार वाटो किंवा ढुंगणावर दिलेल्या इंजेक्शननं नस दुखावली असं वाटो, ते कळवायचंच असतं. मग चोवीस तासांच्या अंतरानं शौचाचे दोन नमुने घ्यायचे, प्रत्येक अंगठ्याच्या पेराएवढा, आणि दोन्ही लुळेपणा आल्यापासून चौदा दिवसांच्या आत. ऐकायला सोपं आहे. पण लुळ्या पडलेल्या मुलाला पुष्कळदा दोन-दोन दिवस शौचालाच होत नाही. आरोग्यसेविका डबी घेऊन त्या घरी सकाळ-संध्याकाळ खेपा घालते, आईला समजावते. नमुना मिळाला की बर्फाच्या पेटीत. ती पेटी वेगळी ठेवलेली असते, लसीच्या पेटीत नमुना कधी ठेवत नाहीत. मग ती परळच्या प्रयोगशाळेकडे निघते, वाटेत बर्फ वितळू द्यायचा नाही. साठ दिवसांनी मुलाला पुन्हा तपासायचं, पाय सुधारला की तसाच राहिला ते बघायला.

इथे कोकणातली एक सवय आडवी येते. मूल लुळं पडलं की आधी तेल-मालिश, मग जवळचा खासगी दवाखाना, आणि मग थेट रात्रीच्या गाडीनं मुंबई. चौदा दिवस तिथेच संपतात. मुंबईला जरूर न्या, पण जाण्याआधी उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात एक शब्द टाका. एक लाख मुलांमागे वर्षाला निदान दोन मुलांचा लुळेपणा, पोलिओ नसलेला, कळवला गेलाच पाहिजे असा आपल्याकडचा दंडक आहे, कारण एवढी मुलं इतर आजारांनी लुळी पडतातच. एखाद्या जिल्ह्यातून वर्षभर एकही केस आली नाही तर त्याचा अर्थ तिथे कुणी नीट बघत नाही असा होतो.

आता व्हिडिओ. थेंबांतला दुबळा विषाणू लाखो मुलांच्या पोटात जाऊन मुकाट्यानं निघून जातो. दोन अपवाद आहेत. पहिला फार विरळा: डोस घेतलेल्या मुलालाच लुळेपणा येणं. पहिल्या डोसाच्या वेळी सुमारे २७ लाख मुलांमागे एकदा असं घडतं. मुलाची प्रतिकारशक्ती जन्मतःच अधू असेल तर धोका जास्त, म्हणून अशा मुलाबद्दल डॉक्टरला आधी सांगायचं. दुसरा अपवाद आज जगाला जास्त छळतोय. ज्या वस्तीत बरीच मुलं लसीवाचून राहिली आहेत तिथे थेंबांतला विषाणू एका मुलाकडून दुसऱ्याकडे असा महिनोन् महिने फिरत राहतो, आणि फिरता फिरता बदलून पुन्हा जोरकस होतो. याला लसजन्य पोलिओ म्हणतात. न्यूयॉर्कजवळ २०२२ मध्ये लस न घेतलेला एक तरुण यानंच लुळा पडला. गाझामध्ये ऑगस्ट २०२४ मध्ये दहा महिन्यांच्या बाळाला हाच झाला, तिथला पंचवीस वर्षांतला पहिला. युद्धात तिथलं नियमित लसीकरण कोलमडलं होतं. त्याच वर्षी आपल्याकडे मेघालयात गारो टेकड्यांमध्ये एका मुलात लसीतून आलेला विषाणू सापडला.

व्हिडिओतल्यांनी गाळलेली गोष्ट ही आहे, की हा विषाणू जोर धरतो तो थेंब न मिळालेल्या मुलांमधून. सगळ्यांना थेंब मिळालेल्या गावात तो दुसऱ्या-तिसऱ्या मुलाशीच संपतो. थेंब टाळल्यानं हा धोका घटत नाही, वाढतो.

यात जगाच्या पातळीवर एक निर्णय चुकला, असं माझं स्पष्ट मत आहे. पोलिओचे तीन प्रकार. दुसऱ्या प्रकारचा नैसर्गिक विषाणू शेवटचा सापडला १९९९ मध्ये, आपल्याच अलीगढला. तो संपल्याचा दाखला २०१५ मध्ये मिळाला, आणि एप्रिल २०१६ मध्ये जगभरच्या थेंबांतून दुसरा प्रकार एकदम काढून टाकला. हेतू चांगला होता, कारण लसजन्य साथी बहुतेक त्याच प्रकारच्या होत्या. पण काही देशांत तो विषाणू आधीच फिरत होता, आणि बदलापूर्वी तिथल्या मुलांना पुरेसे डोस पोचले नव्हते. त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या आतड्यात या प्रकाराविरुद्ध काहीच प्रतिकारशक्ती नव्हती. साथ विझवायला पुन्हा जुनीच दुसऱ्या प्रकारची लस दिली, तिच्यातून काही ठिकाणी नव्या साथी उठल्या. नायजेरिया, काँगो, येमेन अजून ते भोगताहेत. आता याच प्रकाराची नवी, जनुकं जास्त स्थिर केलेली लस आहे. तिचा वापर मार्च २०२१ मध्ये सुरू झाला आणि एक अब्जाहून जास्त डोस दिले गेले आहेत. ती जुनीपेक्षा खूपच कमी बदलते. पण लस कितीही चांगली असली तरी डोस शंभरातल्या साठ मुलांनाच मिळाले, तर उरलेल्या चाळीस मुलांमध्ये विषाणूला जागा मिळतेच.

'मग सरळ इंजेक्शनच का नाही?' हा प्रश्न शिकलेले पालक हमखास विचारतात. इंजेक्शनातला विषाणू मेलेला असतो, तो लुळेपणापासून चांगलं रक्षण करतो. पण आतड्यात तो फारसा अडसर घालत नाही. इस्रायलमध्ये फक्त इंजेक्शनच देत होते. २०१३ मध्ये तिथल्या सांडपाण्यात नैसर्गिक विषाणू महिनोन् महिने सापडत राहिला, एकही मूल लुळं न पडता, आणि त्यांना मुलांना पुन्हा थेंब द्यावे लागले. म्हणून भारतात दोन्ही देतात. तुमचं माता-बाल संरक्षण कार्ड काढून बघा: थेंब जन्मल्यावर, मग सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना, आणि दीड वर्षाच्या सुमारास बूस्टर. इंजेक्शन सहा आठवड्यांना, चौदा आठवड्यांना आणि नवव्या महिन्यात, दंडावर कातडीत दिलेलं, एका डोसाच्या पाचव्या हिश्श्याचं. नवव्या महिन्याचा डोस २०२३ पासून आला, त्यामुळे तो पुष्कळ कार्डांवर राहून जातो. राहिला असेल तर आरोग्यसेविकेला दाखवा.

जगातून रोग जात का नाही, याचं उत्तर आज दोन देशांत आहे. तिसऱ्या प्रकाराचा नैसर्गिक विषाणूही संपला, त्याचा दाखला २०१९ मध्ये मिळाला. उरला पहिला प्रकार, आणि तो ठाण मांडून आहे पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात. २०२१ मध्ये दोन्ही देशांत मिळून पाच रुग्ण होते. जगभरच्या आम्हा लोकांना वाटलं, आता संपलं. २०२४ मध्ये पाकिस्तानात ७४ आणि अफगाणिस्तानात २५ झाले. डोंगरावरचा वणवा विझला म्हणून लोक घरी जातात, आणि बुंध्यात धुमसणारी आग दोन दिवसांनी वाऱ्यावर पुन्हा बागेत शिरते, तसं झालं.

कारणं वैद्यकीय कमी आणि माणसांची जास्त आहेत. पाकिस्तानात लस देणाऱ्या बायका आणि त्यांच्याबरोबरचे पोलीस मारले जातात, अजूनही. २०११ मध्ये ओसामा बिन लादेनच्या शोधासाठी अमेरिकेच्या गुप्तहेर खात्यानं अबोटाबादला लसीकरणाचं सोंग उभं केलं. ती लस पोलिओची नव्हती, काविळीची होती, पण झळ पोलिओच्या थेंबांना बसली. लस देणारा हेर असतो, हा संशय एकदा घराघरांत शिरला की काढायला पिढी जाते. ज्यांनी हे ठरवलं त्यांना मी आजही माफ करू शकत नाही. भीतीपोटी किंवा कंटाळून पालक आणि कर्मचारी संगनमतानं करंगळीला खोटी खूणही लावतात, आणि कागदावर शंभर टक्के दिसतं. अफगाणिस्तानात दारोदार जायला तालिबाननं बरीच वर्षं मोठ्या भागांत बंदी घातली. मशिदीत मुलं आणा म्हटलं तर तान्ही बाळं आणि मुली घरीच राहतात, कारण आणणार कोण? त्यात २०२३ पासून पाकिस्ताननं लाखो अफगाणांना परत पाठवलं, त्यांच्याबरोबर विषाणूही इकडून तिकडे फिरला. वरून जगाचा पैसा आटतोय. अमेरिकेनं जागतिक आरोग्य संघटनेतून बाहेर पडण्याचा निर्णय जानेवारी २०२५ मध्ये घेतला, इतर दात्यांनीही हात आखडते घेतले. आता मुदत आहे नैसर्गिक विषाणूसाठी २०२७ आणि लसजन्य दुसऱ्या प्रकारासाठी २०२९. पहिली मुदत गाठली जाईल असं मला वाटत नाही. पण सोडून दिलं तर विषाणू पुन्हा देशोदेशी पसरेल, हे ताजिकिस्तान आणि मलावीनं दाखवलंच आहे.

तुमच्या 'किती वर्षं' या प्रश्नाचं सरळ उत्तर असं: या दोन देशांतून विषाणू जाईपर्यंत थेंब चालू राहतील. सगळीकडून तो गेल्याचा दाखला मिळाला की थेंब जगभर एकदम बंद होतील, आणि त्यानंतरही निदान दहा वर्षं इंजेक्शन चालू ठेवावं लागेल.

शेवटची गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण मला तुमच्याकडून तीच मदत हवी आहे. कार्ड असलेली, शाळा-अंगणवाडीत नाव असलेली आपली मुलं सुटत नाहीत. सुटतात ती कुणाच्याच यादीत नसलेली. दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर गेलेली कातकरी कुटुंबं. बंदरात कोळंबी सोलायला आलेल्या परप्रांतीय बायांची तान्ही मुलं. मोहोर येण्याच्या सुमारास आंब्याच्या बागेत राखणीला येणारी नेपाळी जोडपी, ज्यांची झोपडी रस्त्यावरून दिसतही नाही. महामार्गाच्या कामावरचे तंबू. पोलिओचा रविवार बहुधा थंडीत किंवा उन्हाळ्याच्या तोंडाशी येतो, म्हणजे ही सगळी मंडळी इथे असतानाच. पथक घरावर खडूनं खूण करतं: सगळ्या मुलांना मिळालं तर 'पी', कुणी राहिलं तर 'एक्स', म्हणजे तिथे पुन्हा यायचं. झोपडीला भिंत नसते, खूण करणार कुठे? मग पुष्कळदा ती झोपडी यादीतच येत नाही.

तुमच्या आसपास अशी बाग किंवा भट्टी असेल तर आशाताईला सांगा. मालकाचं नाव पुरतं, तो फोनवर सांगतो मुलं किती आहेत ते. बागेतलं कुटुंब कधी आलं आणि साधारण कधी जाणार, एवढं कळलं तरी फिरतं पथक त्या दिवसांत तिकडे वळवता येतं. शिमग्याला तुमच्याकडे मुंबईहून लहान मुलं आली असतील आणि रविवार त्याच दिवसांत आला, तर त्यांनाही बूथवर न्या. मुंबईत डोस झालेला असला तरी चालतं, जास्तीच्या डोसानं काही बिघडत नाही. डाव्या करंगळीवर खूण करून घ्या, म्हणजे परतीच्या वाटेवर स्टँडवरच्या पथकाला पुन्हा विचारावं लागत नाही.